सोमवारी, धुणं होईपर्यंत

आई,
सोमवार आमच्या सुट्टीचा.
म्हणजे सहा पांढरे शर्ट, कॉलरींवर आठवड्याचा मळ,
तळघरातल्या मशीनची बावन्न मिनिटं घरघर.
तेवढ्यात लिहितो.

ओउलूत सध्या दुपारी दोनलाच दिवे लागतात.
या आठवड्यात एकशे बारा दारं वाजवली, नऊ उघडली.
एका पोरानं विचारलं, तुम्ही बँकेचे का?
नकार इथे फार सभ्य.
दोन शब्द, आणि दार इतकं हळू लागतं
की कडीसुद्धा वाजत नाही.

(पुढे लिहिलं होतं: वाजली असती तर बरं वाटलं असतं.
ते पुसलं.)

छातीवरची काळी पाटी म्हणते एल्डर.
वडीलधारा!
दाढी अजून गालावर एका बाजूलाच येते
आणि शर्टाचं बटण तुटलं तर सुईत दोरा ओवायला
मला वैपुलूला हाक मारावी लागते.
तो टोंगाचा. सव्वासहा फूट. बोटं केळ्यांएवढी,
पण दोरा एका दमात ओवतो.
नियम असा, की आम्ही एकमेकांच्या हाकेपलीकडे जायचं नाही.
म्हणून मी न्हाणीघरात फार वेळ नळ सोडून बसलो
की तो दाराबाहेर मोठमोठ्यानं गातो,
आतलं ऐकू येऊ नये म्हणून.

(हे सगळंच पुसलं. फक्त
'वैपुलूचा आवाज छान आहे' एवढं ठेवलं.)

गुरुवारी आउने आजींकडे सरपण रचायला जातो.
देव नको म्हणाल्या, लाकडं रचा.
पहिल्या दिवशी कॉफी नाकारली म्हणून रुसल्या.
आता काळ्या बेदाणीच्या फळांचा रस गरम करून देतात
आणि आमची व्याकरणं दुरुस्त करतात.
त्यांच्या भाषेत पंधरा विभक्त्या आहेत, आई.
घरात, घरातून, घराकडे,
आणि एक निव्वळ 'विना'ची.
तालोत्ता: घराविना.
मी वहीत लिहून घेतलं. आजी म्हणाल्या,
ही फारशी कोणी वापरत नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं.
केनलीची क्लॅरिनेट, चर्चच्या छताची वर्गणी,
हॅथवेकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं.
फोटोही पाहिले. अंगणातला, ट्रकजवळचा,
मागच्या पायरीवर केनली एकटी बसलीय तो.
सप्टेंबरपासून प्रत्येक पत्रात विचारत होतो
बार्ली कशी आहे,
आणि तू प्रत्येक पत्रात लिहायचीस
यंदा बर्फ लवकर पडलं.
ऑक्टोबरात विचारणं सोडलं.
तूही, सोडलं म्हणून, काही म्हणाली नाहीस.
चौदा वर्षांची होती.
मी घरून निघालो तेव्हा ती गाडीपर्यंत आली नव्हती,
फाटकापाशीच बसून राहिली.

(आजींना शब्द विचारला. कुत्र्याविना.
कोइरात्ता, म्हणाल्या,
आणि माझ्याकडे न बघता
कप पुन्हा भरला.)

तुझ्या पत्राखाली बाबांची नेहमीची एक ओळ असते.
उणे चार. ट्रक चालू होतो.
उणे अकरा. ट्रकला ढकलावं लागलं.
सोळा महिने त्यांनी मला फक्त तपमान कळवलंय.
या खेपेला दोन ओळी:
उणे एकोणीस.
पायरीवरचा तिचा वाडगा अजून मी उचललेला नाही.

मशीन थांबलं.
वैपुलू ओले शर्ट झटकतोय, खांद्यापासून, तू झटकतेस तसे.

बाबांना सांग,
इथे उणे चोवीस.
पण त्यांचे अंश वेगळे, इथले वेगळे.
उणे चाळीसला म्हणे दोन्ही मापं एक होतात.
अजून तिथवर पोचलो नाही.
वाडगा राहू दे.